पाण्याच्या वरच्या अंगाचे शेजारी



उन्हाळी आवर्तन कधी सुटणार, किती दिवस चालणार आणि टेलच्या माणसापर्यंत पोचणार की नाही, हे तीन प्रश्न गट कार्यालयात रोज विचारले जातात. विचारले जाणारच. उभा ऊस पाण्यावाचून वाळत असेल तर शेतकऱ्याने दुसरे विचारावे तरी काय? लागण, खोडवा, बेणे, खताच्या मात्रा यांवर मी नेहमी लिहितो. आजही पाण्यावरच लिहितो आहे, पण कालव्याच्या खालच्या अंगाने नाही. धरणाच्या वरच्या अंगाला जी माणसे राहतात, त्यांच्याबद्दल आणि त्यांच्यासाठी राबलेल्या मंडळींबद्दल आज लिहायचे आहे.

आधी एक साधा हिशेब मांडू. मोकाट पाणी दिले तर सुरू उसाला वर्षभरात साधारण अडीच हजार मिलिमीटर पाणी लागते. म्हणजे एकरी सुमारे एक कोटी लिटर. धरणातले एक टीएमसी पाणी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. कालव्याची गळती, बाष्पीभवन सगळे सोडून दिले, तरी एका टीएमसीत कागदावर जेमतेम २,८०० एकर ऊस भिजतो. तेवढे पाणी साठवायचे तर कुठेतरी दरी भरावी लागते. आणि सह्याद्रीतली दरी रिकामी नसते. तिच्यात भाताची खाचरे असतात, हिरड्याची झाडे असतात, वाड्या असतात, देऊळ असते, मसणवटा असतो. आपल्या सरीत पाणी खळखळते, तेव्हा कोणाची तरी दरी त्यात भरलेली आहे, ही गोष्ट नेहमी आपल्या ध्यानात राहत नाही.

आंबेगाव कुठे गेले?

चाकणहून नाशिक रस्त्याने निघाले की राजगुरुनगर लागते, मग मंचर. मंचरहून पश्चिमेला वळले की घोडेगाव आणि त्यापुढे डिंभे धरण. तालुक्याचे नाव आंबेगाव, पण मामलेदार कचेरी घोडेगावात. नवखा माणूस विचारतो, "मग आंबेगाव कुठं आहे?" त्याला उत्तर द्यायचे तर धरणाच्या पाण्याकडे बोट दाखवावे लागते. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडले, ते जुने आंबेगाव जलाशयाच्या पोटात आहे. एखाद्या वर्षी उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले की जुन्या गावाचे अवशेष उघडे पडतात आणि लोक ते बघायला जातात.

डिंभे हे कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांपैकी एक. येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगे ही बाकीची चार. डिंभ्याचा उपयुक्त साठा सुमारे साडेबारा टीएमसी. या प्रकल्पाच्या पाण्यावर जुन्नर, आंबेगाव, शिरूरपासून पार पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत शेती भिजते. त्या पट्ट्यात किती साखर कारखाने उभे राहिले, किती घरांवर स्लॅब पडले, किती पोरे शिकली, हे सांगायला नको. जलाशयाला नाव दिले हुतात्मा बाबू गेनू सागर. बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला आणि गेला. नाव योग्यच दिले.

पण त्या पाण्याखाली आणि पाण्याच्या काठाला मिळून सुमारे दोन डझन गावांना झळ बसली. काही पूर्ण बुडाली, काहींचे शिवार गेले. राहणारे बहुतेक महादेव कोळी, ठाकर, कातकरी. भात, नाचणी, वरई पिकवायची, हिरडा गोळा करून विकायचा, यावर संसार. काहींना खाली लाभक्षेत्रात जमिनी मिळाल्या. बरीच कुटुंबे मात्र खाली उतरलीच नाहीत. पाणी चढत गेले तशी तीही डोंगराच्या अंगाने वर सरकली आणि काठालाच राहिली. नदीकाठची चांगली जमीन बुडाली होती, वरती खडक आणि उतार. समोर अथांग पाणी, पण त्यावर हक्क नाही. आपल्याकडे टेलच्या माणसाचे हाल होतात हे खरे आहे. पण ज्याच्या दारात धरण आणि उन्हाळ्यात घरात हंडाभर पाणी नाही, त्याचे हाल कोणत्या रजिस्टरात नोंदायचे?

शाश्वतची मंडळी

या लोकांसाठी १९८० च्या दशकापासून एक लहानशी संस्था काम करू लागली. तिचे नाव 'शाश्वत'. कुसुमताई कर्णिक आणि आनंद कपूर ही तिच्यामागची दोन माणसे. दोघेही इथले भूमिपुत्र नव्हेत. आले, राहिले आणि भीमाशंकरच्या डोंगरातल्या वाड्या-वस्त्यांतून पायी फिरले. त्यांच्या जोडीला गावोगावचे आदिवासी तरुण, तरुणी आणि बाया उभ्या राहिल्या. संस्था म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर इमारत, मोटारी आणि फलक येतात. इथे मुख्य भांडवल म्हणजे बैठका, अर्ज, मोर्चे आणि चिकाटी.

वाटप करून जाणारी माणसे आपण पुष्कळ पाहिली आहेत. पूर आला, भूकंप झाला की कपडे येतात, भांडी येतात, फोटो निघतात. त्याचीही गरज असतेच, नाही म्हणत नाही. पण धरणग्रस्ताचा प्रश्न एका दिवसाचा नसतो. त्याचे जगण्याचे साधनच बुडालेले असते. शाश्वतच्या मंडळींनी विचार केला तो असा, की उरलेल्या गोष्टींतून नवे साधन कसे उभे करायचे? उरले काय होते? पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी जमीन, जलाशयातले पाणी आणि डोंगराचा उतार. या तिन्हींवर काम झाले. शेतीखात्याच्या माणसाला त्यातले मर्म लगेच कळते, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

पहिले काम गाळपेरीचे. जलाशय पावसाळ्यात भरतो आणि आपली आवर्तने सुरू झाली की पाणी हळूहळू खाली जाते. काठाची जमीन उघडी पडते. तीवर बारीक गाळ बसलेला असतो, ओलही असते. अशा जमिनीला सरकारी भाषेत गाळपेर जमीन म्हणतात. मुळात ती याच लोकांची, पण संपादन झाल्यामुळे मालकी सरकारची. ती कसायला बुडालेल्यांनाच मिळावी, असा आग्रह संस्थेने धरला. लोक गट करून ती कसू लागले, पंप बसवून जलाशयातले पाणी उचलू लागले आणि जिथे पावसाळी भाताशिवाय काही होत नव्हते तिथे रब्बीचे पीक निघू लागले. यातली मेख ध्यानात घ्या. त्यांची पेरणी आपल्या आवर्तनाशी बांधलेली आहे. आपण पाणी मागतो तेव्हा त्यांची जमीन उघडी पडते, आणि पाणी फार लवकर, फार खोल गेले तर त्यांचा पंप कोरडा पडतो.

दुसरे काम मासेमारीचे. डोंगरातला शेतकरी नांगर धरणारा. ओढ्यात मासे पकडणे वेगळे आणि खोल जलाशयात होडी घालून जाळे टाकणे वेगळे. जलाशयाचा मासेमारीचा ठेका बाहेरच्याला द्यायचा आणि काठावरच्याने बघत बसायचे, हा प्रकार अनेक धरणांवर चालत आला आहे. इथे आदिवासींनी स्वतःची मच्छीमार सहकारी संस्था उभी केली. मत्स्यबीज सोडणे, पिंजरे लावून मासे वाढवणे, होड्या आणि जाळी, विक्री हे सगळे लोक शिकले. आपण सहकारी कारखान्याचे सभासद आहोत. सहकार म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको. भागभांडवल तुटपुंजे असताना, बाजार अनोळखी असताना एकत्र येऊन संस्था चालवणे किती जड जाते, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी कारखाना उभारताना अनुभवले आहे.

तिसरे काम पडकईचे. शेतीच्या दृष्टीने मला यातच सगळ्यात जास्त गोडी वाटते. उतारावरचे दगड वेचायचे, त्यांचाच आडवा बांध घालायचा, मागे माती भरून सपाट खाचर करायचे. पावसाचे पाणी खाचरात थांबते, माती धुऊन जात नाही आणि त्या तुकड्यात भात उभा राहतो. एका कुटुंबाच्या हातून हे काम होत नाही. वाडीतली सगळी घरे आळीपाळीने एकमेकांच्या शेतावर राबतात. आपल्याकडे सावड म्हणतात, तशीच ही जुनी रीत. अडचण एवढीच, की पडकईचे काम उन्हाळ्यात करायचे आणि उन्हाळ्यातच घरात दाणा नसल्यामुळे माणसे मजुरीला बाहेर जातात. आता चाकण-भोसरीकडे जाणारे काही कमी नाहीत. मग पडकई कोणी करायची? शाश्वतने मागणी लावून धरली की हे जमीन सुधारण्याचेच काम आहे, तर याची मजुरी रोजगार हमीतून मिळाली पाहिजे. स्वतःच्या रानात राबायचे, त्याची मजुरी मिळायची आणि वर्षाअखेर खाचर कायमचे आपले. जुन्या रीतीला सरकारी योजनेत जागा मिळाली, हे या मंडळींचे मोठे यश.

या कामाची दखल पुढे जगाने घेतली. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमातर्फे दिला जाणारा इक्वेटर पुरस्कार २०१२ साली शाश्वत संस्थेला मिळाला. ब्राझीलमधल्या रिओ शहरात त्या वर्षी पर्यावरणाची मोठी जागतिक परिषद भरली होती, तेव्हाची ही गोष्ट. रिओत आंबेगावचे नाव पोचले, पण मंचरच्या पुढच्या कालव्यावर किती जणांना ते ठाऊक आहे? मी सहज विचारून पाहतो. बहुतेक जण मान हलवतात.

आधीची वाट कोणी पाडली?

धरणग्रस्तासाठी उभे राहण्याची रीत आपल्या जिल्ह्यातूनच सुरू झाली. पिंपरी-चिंचवडच्या पलीकडे मुळशी आहे. मुंबईला वीज देण्यासाठी टाटा कंपनीने तिथे मुळा-नीळा संगमावर धरण बांधायला घेतले, तेव्हा मावळ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू केला. पुढारी होते पांडुरंग महादेव बापट. या लढ्याने त्यांना सेनापती ही पदवी दिली. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या जोडीला होते. धरण झालेच, जमिनी बुडाल्याच. बापटांनी लांब तुरुंगवास भोगला. पण एक प्रश्न कायमचा उभा राहिला. सगळ्यांच्या भल्यासाठी धरण बांधायचे, तर त्याची किंमत थोड्यांनीच का मोजायची?

पुढे कोयना झाली. महाराष्ट्र उजळला, पण कोयनेचे लोक सातारा, सांगली, सोलापूर, ठाणे, रायगड, रत्नागिरी असे विखुरले गेले. पुनर्वसनाचा कायदाच तेव्हा नव्हता. साठ वर्षे उलटून गेल्यावरही त्यांच्या मुला-नातवंडांना मोर्चे काढावे लागले.

सत्तरच्या दशकात पुण्याचे डॉ. बाबा आढाव यांनी राज्यातल्या धरणग्रस्तांना एका परिषदेत बांधले. हमाल पंचायत आणि एक गाव एक पाणवठा यामुळे आपण त्यांना ओळखतो. पण धरणग्रस्तांचे कामही त्यांनी तितक्याच नेटाने केले. "आधी पुनर्वसन, मग धरण" ही घोषणा त्या काळची. आणखी एक नाव आपल्या कारखानदारीतले आहे. वाळव्याला हुतात्मा किसन अहिर सहकारी साखर कारखाना उभारणारे क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी. लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्यांचा पुढारी असूनही हा माणूस धरणग्रस्तांच्या बाजूने उभा राहिला. २२ मार्च २०१२ रोजी ते गेले. साखर कारखान्याचा माणूस धरणग्रस्ताचा विरोधकच असला पाहिजे असे नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

या साऱ्या रेट्यातून १९७६ साली महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. १९८६ आणि १९९९ साली नवे कायदे आले. मुख्य तत्त्व असे, की धरणाच्या पाण्याने ज्याची जमीन बागायत होणार, त्याने ठरावीक मर्यादेवरच्या जमिनीतला काही हिस्सा बुडालेल्यासाठी द्यायचा. "आठ एकराचा स्लॅब", "चार एकराचा स्लॅब" हे शब्द आपल्या पट्ट्यात घरोघर ठाऊक आहेत, ते यातूनच आले.

आपल्या पट्ट्यातली जखम

आता थोडे कडू बोलतो. कायदा चांगला, पण त्याची अंमलबजावणी दोन्ही बाजूंना टोचली. बुडालेल्याने मिळालेल्या मोबदल्यापैकी ६५ टक्के रक्कम सरकारात भरली तरच पर्यायी जमिनीचा हक्क लागायचा. मोबदला हप्त्या-हप्त्याने येणार, तो घर हलवण्यात खर्च होणार, मग ६५ टक्के आणायचे कुठून? भामा आसखेडच्या लोकांचे गाऱ्हाणे वर्षानुवर्षे याच भोवती फिरत राहिले. २०२१ पासून त्या धरणाचे पाणी पुण्याच्या पूर्व भागाला जाऊ लागले. त्याआधी जलवाहिनीचे काम धरणग्रस्तांनी कितीदा तरी बंद पाडले. आपण चाकणच्या चौकात अडकून पडलो की शिव्या देतो. रस्त्यावर का बसावे लागते, हे मात्र विचारत नाही.

पवनेची गोष्ट त्याहून जुनी. पिंपरी-चिंचवड शहर पवनेचे पाणी पिते, रावेतच्या बंधाऱ्यातून उचलते. धरण झाले तेव्हा पुनर्वसनाचा कायदा नव्हता. १,२०३ खातेदारांपैकी ३४० जणांचे पुनर्वसन झाले आणि उरलेल्या ८६३ जणांचा प्रश्न पन्नास वर्षांनंतरही लोंबकळत राहिला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बंद जलवाहिनीच्या विरोधात मावळचे शेतकरी बऊर इथे द्रुतगती मार्गावर उतरले. गोळीबार झाला, तीन शेतकरी गेले. त्यांत एक बाई होती.

दुसऱ्या बाजूने आपल्या सभासदांचीही बाजू आहे. सातबाऱ्यावर "पुनर्वसनासाठी राखीव" असा शेरा पडला की जमीन विकता येत नाही, वाटणी अडते, कर्जाला अडचण येते. काही ठिकाणी शेरा पडला, पण पाणी आलेच नाही. "आमची जमीन गेली, आम्हाला कोण विचारतो?" असे एक ज्येष्ठ सभासद मला बांधावर म्हणाले. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण त्यांच्याच शेजारी वसाहतीत राहणारा माणूस म्हणाला, "साहेब, तुमचा तुकडा गेला. आमचं गाव गेलं." हे दोघे एकमेकांच्या बांधाला बांध लावून राहतात आणि वर्षानुवर्षे बोलत नाहीत. दोघांवरही अन्याय झाला असेल. तो एकमेकांनी केलेला नाही, एवढे दोघांच्याही ध्यानात आले तरी पुष्कळ झाले.

आपल्याला काय करता येईल?

शाश्वतसारखे काम आपण करू शकणार नाही. तो आपला पिंडही नाही. पण ऊस विकास विभागाचा माणूस म्हणून चार गोष्टी सुचवतो. चारही आपल्या हातातल्या आहेत.

पहिली, नोंदीची. पुनर्वसन वसाहतीतली जमीन बहुधा भोगवटादार वर्ग दोनची असते. तिचे कागद वेगळे दिसतात, म्हणून गटातला कारकून बिचकतो आणि शेतकरी परत जातो. जमीन त्याच्या नावावर आणि कब्जात असेल तर ऊस नोंदवायला हरकत काय? कागदाची शंका असेल तर माझ्याकडे पाठवा, शेतकऱ्याला परत पाठवू नका.

दुसरी, जमिनीची. वसाहतीला वाट्याला आलेली जमीन अनेकदा हलकी, उंच-सखल, मुरमाड असते. भात पिकवणाऱ्या माणसाला उसाची सवय नसते. अशा रानात लगेच लागण करू नका, आधी ताग किंवा धैंचा पेरून गाडा. लागणीला को ८६०३२ सारखे खात्रीचे बेणे वापरा आणि पहिल्या वर्षी अर्ध्या एकरापेक्षा जास्त लावू नका. शेजारच्या जुन्या सभासदाने चार वेळा बांधावर जाऊन सांगितले, तर आमच्या दहा शिबिरांपेक्षा ते उपयोगी पडेल.

तिसरी, पाळीची. पाणी वाटप संस्थेच्या यादीत वसाहतीचे नाव शेवटी आणि रात्रीची पाळी नेहमी त्यांचीच, असे होऊ देऊ नका. पाळी फिरती ठेवा. ज्याच्या गावावर हे पाणी उभे आहे, त्यालाच ते शेवटी मिळावे, हे बरे दिसत नाही.

चौथी, ठिबकची. ठिबकने उसाचे ४० ते ५० टक्के पाणी वाचते, हे मी अनुदानाच्या अर्जासोबत नेहमी सांगतो. आज वेगळ्या कारणासाठी सांगतो. खाली वाचलेले पाणी वर जलाशयात जरा जास्त दिवस टिकते. काठावरच्या माणसाचा पंप तेवढे दिवस चालतो आणि पुढचे धरण बांधायची घाईही तेवढीच कमी होते.

या हंगामात आपल्या गटातल्या प्रत्येक वसाहतीत ऊस विकास विभागाची एक बैठक घ्यायचे ठरले आहे. माती परीक्षणासाठी नमुने तिथेच घेतले जातील. त्या गावच्या जुन्या सभासदांनीही बैठकीला यावे. नुसते येऊन बसू नये, शेजाऱ्याला सोबत घेऊन यावे. तारखा गट कार्यालयाच्या फळ्यावर लागतील.